दप्तर भरून दाखव

सकाळी साडेसात

एक प्रश्नावली आईनं भरलेली, एक वडिलांनी, एक वर्गशिक्षकांनी. तिन्ही शेजारी शेजारी उघडून मी दिवसाला सुरुवात करते. मुलगा सातवीत आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. (मुलांची ओळख लागू नये म्हणून गावं, इयत्ता आणि घरचे तपशील इथे बदलले आहेत.) ‘हातात घेतलेलं काम अर्धवट सोडतो’ यापुढे आईची खूण ‘जवळजवळ नेहमी’वर आहे, सरांची ‘बऱ्याचदा’वर आणि वडिलांची ‘क्वचित’वर. कुणीही खोटं लिहिलेलं नाही. अभ्यासाला आई बसवते. वडील रात्री नऊला दुकान बंद करून घरी येतात, तोवर मुलगा पेंगुळलेला असतो. वडिलांच्या वाट्याला येतो तो रविवारचा मुलगा.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मुलांच्या एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या, तपासण्या करते. त्यातल्या बऱ्याच हल्ली ऑनलाइन होतात. पालकांच्या मनात असतं की एक लिंक येईल, मूल पडद्यावर काहीतरी ओळखेल आणि तासाभरात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल हातात पडेल. अशी कुठलीही एक परीक्षा नाही. रक्त तपासून हे कळत नाही, मेंदूच्या स्कॅनमधून कळत नाही. संगणकावर लक्ष मोजणाऱ्या चाचण्या आहेत, पण नुसत्या त्यांच्या गुणांवर निदान करत नाहीत. मुलाला रोज बघणाऱ्या माणसांना खोदून खोदून विचारावं लागतं आणि त्यांचं सांगणं एकमेकांशी ताडून पाहावं लागतं. त्यामुळे माझे बरेचसे तास कॅमेरा बंद असतानाच जातात.

आम्ही जे निकष वापरतो ते डीएसएम-५ या २०१३ साली आलेल्या नियमपुस्तकातले. लक्षणांच्या दोन याद्या, प्रत्येकीत ९ लक्षणं. निदान एका यादीतली ६ तरी दिसायला हवीत (१७ वर्षं पूर्ण झाली असतील तर ५ पुरतात), ती निदान ६ महिने टिकलेली हवीत, त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासूनची हवीत आणि ती एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. शिवाय त्यामुळे मुलाचं खरोखर अडत असलं पाहिजे. यातल्या दोन अटींना मी सगळ्यात जास्त वेळ देते: आधीपासून होतं का, आणि सगळीकडे आहे का. फक्त शाळेत त्रास असेल तर आधी शाळेकडे बघायला हवं. तिथे कुणी छळतंय का, फळा दिसतोय का, वाचता येतंय का. फक्त घरी असेल तर घरात काय चाललंय ते विचारायला हवं.

‘आधीपासून’चा पुरावा कपाटात असतो. मी पालकांकडून पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं मागवते. या मुलाच्या आईनं सगळ्यांचे फोटो काढून पाठवलेत. गुणांच्या रकान्यापेक्षा खालचा शेरा मी आधी वाचते. पहिलीत ‘बडबड कमी करावी’. तिसरीत ‘हुशार आहे, परंतु जागेवर बसत नाही’. पाचवीत ‘वह्या अपूर्ण’. वेगवेगळ्या बाईंनी, वेगवेगळ्या अक्षरात, एकमेकींचं न वाचता लिहिलेलं. पुढे कुणी आक्षेप घेतलाच तर या तीन ओळी माझ्या कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जड ठरतील.

साडेनऊ

सरांचा फोन. शाळा भरायच्या आधी त्यांच्याकडे वीसेक मिनिटं असतात, म्हणून वेळ त्यांच्या सोयीची. पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मी शाळेला फोन करत नाही, आणि ती मिळवायला कधी कधी सगळ्यात जास्त वेळ लागतो. ‘शाळेत नको मॅडम, पोराला वेड्यात काढतील’ हे वाक्य मी खूप ऐकते. त्या भीतीला कारण आहे, म्हणून मी ती झटकून टाकत नाही. पण शिक्षकांशी बोलल्याशिवाय अहवाल देत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते.

सर आधी सावध बोलतात. तक्रार कोणी केली का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. मग मोकळे होतात. “पोरगा वाईट नाही हो मॅडम. तोंडी गणितात वर्गात पहिला त्याचाच आवाज. हात वर न करताच ओरडतो. आणि तेच गणित वहीत घातलं की तिसऱ्या ओळीला संपलं.” मी विचारते, मधल्या सुट्टीत कसा असतो? कबड्डीत बाद झाला तर बाहेर जातो का? प्रार्थनेला रांगेत टिकतो का? प्रयोगशाळेत हात कुठे असतात? सर जरा थांबून, आठवून उत्तरं देतात. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाकडे तुलनेला रोज साठ मुलं असतात. अमुक वयाच्या पोराला कितपत चुळबूळ शोभते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ऑनलाइन तपासणी देणाऱ्या ज्या सेवा शाळेशी बोलतच नाहीत, त्यांच्या अहवालावर माझा विश्वास नाही. मग त्याला किती का पानं असेनात.

साडेदहा

पडद्यावर सातारचं कुटुंब. पहिली पाच मिनिटं रुक्ष असतात. खोलीत कोण कोण आहे, आत्ता नेमके कुठे आहात, नेट गेलं तर कोणत्या नंबरवर फोन करू, हे रेकॉर्ड होत नाहीये आणि तुम्हीही करू नका. केंद्र सरकारनं २५ मार्च २०२० रोजी डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्ण अल्पवयीन असेल तर ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती सोबत हवी, असं त्यांत आहे. मी डॉक्टर नाही, पण ती अट मीही पाळते.

मग मुलाचा इतिहास, गरोदरपणापासून. किती महिन्यांचा झाला, वजन किती होतं, लगेच रडला का, कधी आकडी आली का, चालला कधी, बोलला कधी, झोपेत घोरतो का, कानाची तपासणी कधी झाली. आजी कॅमेऱ्याबाहेर बसून सगळं ऐकत असते. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं,” असं ती मोठ्यांदा म्हणते, आणि पुढच्याच प्रश्नाला सगळ्यांत नेमकं उत्तर तीच देते: “आठव्या महिन्यात झालाय. पेटीत ठेवला होता.” अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांत एडीएचडीचं प्रमाण जास्त आढळतं. आईनं फॉर्ममध्ये ‘बाळंतपण नॉर्मल’ एवढंच लिहिलं होतं. मी आजींना खुर्ची पुढे घ्यायला सांगते.

आता मुलाकडे. माझ्याशी तो वीस मिनिटं छान बोलतो, एका जागी बसून. हे पाहून वडिलांचा चेहरा उजळतो: बघा, बसतोय की! नवं माणूस, नवा पडदा, एकट्याकडे दिलेलं लक्ष, अशा वेळी एडीएचडी असलेली पुष्कळ मुलं नीट बसतात. मोबाईलवरच्या खेळात तासभर रमणं हाही ‘नाही’चा पुरावा होत नाही, कारण खेळ दर काही क्षणांना बक्षीस देतो. गृहपाठ देत नाही. म्हणून मी त्याला म्हणते, “उद्याचं दप्तर भरून दाखव. आई, मोबाईल घेऊन मागे मागे जा, पण बोलायचं नाही.”

तो उत्साहानं उठतो. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं आहे. ते बघतो, ‘मराठी’ असं मोठ्यांदा वाचतो, कपाटाकडे जातो. कपाटात त्याला बुद्धिबळातला हरवलेला उंट सापडतो. तो घेऊन पटाच्या डब्याकडे जातो, उंट डब्यात ठेवतो. परत वेळापत्रकाकडे. ‘मराठी’ पुन्हा वाचतो. मराठीचं पुस्तक दप्तरात जातं. विज्ञानाची वही पलंगाखाली आहे. ती काढताना खाली चप्पल दिसते, चप्पल दारात नेऊन ठेवतो, आणि दारातून मित्राला हाक मारतो. आईचा हात थरथरत असावा, कारण मोबाईल हलतोय. ती मोठ्या कष्टानं गप्प आहे. बऱ्याच वेळानं दप्तराची चेन लागते. आत मराठीचं पुस्तक, विज्ञानाची वही, कंपास आणि डबा. वेळापत्रकात सहा विषय होते. “झालं?” मी विचारते. “झालं!” तो खरंच खूश आहे.

माझ्या क्लिनिकमध्ये मला हे कधीच दिसलं नसतं. तिथे त्याचं कपाट नाही, त्याचा पलंग नाही, गल्लीतला मित्र नाही. ऑनलाइन तपासणी म्हणजे नाइलाजाची, दुय्यम, असं मानणाऱ्यांना मी हेच सांगते. आणि उलट बाजूही सांगते. ठोकळे हाताळायला लावणाऱ्या बुद्धिमापन चाचण्या, बिने-कामतसारखी समोरासमोर घ्यायची कसोटी, हातांची हालचाल, डोळ्यांची तपासणी, हे पडद्यावर होत नाही. ते लागलं तर मूल कुणाच्या तरी समोर जाऊन बसलंच पाहिजे.

उठता उठता वडील हळूच म्हणतात, “मीपण असाच होतो. मार खाऊन सरळ झालो.” एडीएचडी आनुवंशिक असण्याचा भाग मोठा आहे, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. सरळ झालात का, हे मी त्यांना विचारत नाही. दुकानाचे हिशेब कोण लिहितं, एवढं विचारते. “ही लिहिते,” ते बायकोकडे बोट दाखवतात.

साडेबारा

दहावीतली मुलगी. पहिली दहा मिनिटं आई सोबत, मग आई शेजारच्या खोलीत. पंधरा वर्षांच्या मुलीचं एकटीचं ऐकलं नाही तर तपासणी अर्धीच झाली. पण घर लहान असतं, भिंती पातळ असतात. म्हणून मी तिला हेडफोन लावायला सांगते आणि नाजूक प्रश्नांची उत्तरं चॅटमध्ये लिहायला सांगते.

तिनं एक ऑनलाइन चाचणी स्वतःच सोडवली आहे आणि तिला ‘दाट शक्यता’ असा निकाल मिळालाय. मुली मागच्या बाकावर शांत बसून हरवलेल्या असतात, म्हणून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही, हे खरंच आहे. त्यामुळे तिची शंका मी मनापासून ऐकते. ती इतिहास कसा वाचते ते दाखवते: ओळीखाली पट्टी धरून, पट्टी सरकवत. “पट्टी सरकते मॅडम, मी नाही सरकत.”

पण पुढचं ऐकते तेव्हा चित्र बदलतं. सहावी-सातवीपर्यंत वह्या पूर्ण, वस्तू जागच्या जागी, शेरे सगळे चांगले. त्रास सुरू झाला तो नववीच्या दिवाळीनंतर. रात्री दोनपर्यंत जाग, सकाळी सहाला क्लास. जेवण कमी झालंय. आवडीचं गाणं शिकणं सुटलं. चॅटमध्ये ती दोन ओळी लिहिते, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. लक्ष न लागणं हे लक्षण उदासीत येतं, भीतीत येतं, झोप तुटली की येतं. आज मी तिला एडीएचडीचा शिक्का देणार नाही आणि ‘तुला काही नाही’ असंही म्हणणार नाही. आधी तिच्या मनःस्थितीची आणि झोपेची काळजी घ्यायची, मग काही महिन्यांनी लक्षाकडे पुन्हा बघायचं. तिच्या परवानगीनं आईला आत बोलावते. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरते, आणि मधल्या काळात रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघीही मोबाईलमध्ये साठवून घेतात. तो नंबर साठवल्याचं मी पडद्यावर दाखवायला लावते.

हिला दहा मिनिटांच्या चाचणीवर प्रमाणपत्र मिळालं असतं तर उदासी त्या प्रमाणपत्राखाली झाकली गेली असती. झटपट निदान विकणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

जेवण पावणेदोनला.

अडीच

एका आईनं मोबाईलवर चित्रफीत पाठवली आहे. मुलगी आठ वर्षांची, शाळेची तक्रार ‘वर्गात तंद्री लागते, हाक मारली तरी ऐकत नाही’. मी आईला सांगितलं होतं, घरी तसं दिसलं तर टिपून ठेवा. फितीत मुलगी वरणभात खाते आहे. घास तोंडाजवळ येतो आणि हात थांबतो. नजर स्थिर, पापण्या बारीक फडफडतात. आई दोनदा नाव घेते. काही सेकंदांनी घास तोंडात जातो आणि मुलगी आधीचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून बोलायला लागते.

मी ती फीत तीनदा बघते आणि तपासणी तिथेच थांबवते. हरवलेलं मूल हाकेनं, खांद्यावर हात ठेवल्यानं परत येतं. इथे तसं होत नाहीये. हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो, ज्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, फक्त काही सेकंद नाहीसं होतं. दिवसात अनेकदा असं झालं तर अभ्यासात भोकं पडणारच. त्यासाठी बालमेंदूविकारतज्ज्ञ आणि ईईजी हवा. आईला फोन करून सांगते. ती घाबरते, मग विचारते की इतके दिवस आम्ही तिला रागावत होतो त्याचं काय. मी तिला चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचून दाखवते, फीत डॉक्टरांना दाखवायला सांगते आणि पोहणं, झाडावर चढणं तूर्त थांबवायला सांगते. उरलेली फी परत पाठवते, कारण माझं काम झालेलं नाही आणि होणारही नाही.

चार

मानसोपचारतज्ज्ञांशी चर्चा. नंदुरबार जिल्ह्यातला चौथीतला मुलगा, तपासणी पूर्ण झालेली, दोन्ही याद्यांतली लक्षणं पुरेशी, शाळा आणि घर दोन्हीकडे. वाचन-लेखनाची अडचण वेगळी आहे का, हेही पाहून झालं. संध्याकाळी पालकांना सांगायचं आहे आणि त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा असणार.

औषध मी देत नाही, ते डॉक्टरांचं काम. आणि इथे ऑनलाइनची हद्द कायद्यानंच आखलेली आहे. एडीएचडीत सर्वाधिक वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं औषध आहे; त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक औषधविक्रेत्याकडे राहते. २०२०च्या त्या टेलिमेडिसिन सूचनांनुसार अशी औषधं व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. म्हणजे निदानाचं काम गावात बसून होतं, पण या गोळीसाठी प्रवास अटळ. सुरू करण्याआधी वजन, उंची, रक्तदाब बघायचा, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का ते विचारायचं, त्यामुळे ती भेट नुसती औपचारिक नाही. नाशिकला एकांची वेळ मिळते, शनिवारची. डॉक्टर मला आठवण करून देतात की चार-पाच वर्षांच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण आणि मगच औषधाचा विचार असतो, पण हा मुलगा नऊ वर्षांचा आहे. इथे दोन्ही बरोबरीनं.

साडेपाच

अहवाल. शाळेसाठीचं एक पान मी मराठीत लिहिते, कारण नंदुरबारच्या बाई ते वाचणार आहेत. ‘लक्ष देत नाही’ असं कुठेही लिहीत नाही. काय दिसतं ते लिहिते: ‘सलग तीन सूचना दिल्यास पहिली पाळतो, उरलेल्या सुटतात.’ आणि लगेच त्याखाली: एका वेळी एक सूचना, शक्यतो फळ्यावर लिहून. जागा पुढे, दारा-खिडकीपासून लांब. दहा गणितांऐवजी पाच-पाच करून दोनदा. शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेऊ नये. याला तर ती इतरांपेक्षा जास्त लागते.

मध्येच एका वडिलांचा फोन: या अहवालावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळेल ना? अपंग हक्क कायदा २०१६चा आहे, त्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता असेल तर तिचं प्रमाणपत्र नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. माझा ऑनलाइन अहवाल तिथे सोबत नेता येतो, त्याची जागा घेऊ शकत नाही. ते नाराज होतात. हे मी पहिल्या फोनमध्येच सांगते, लिहूनही देते, तरी आशा असतेच.

परदेशातून, न्यू जर्सीहून वगैरे, मराठी पालक विचारतात तेव्हा मी नम्रपणे नाही म्हणते. तिथे काम करण्याचा परवाना माझ्याकडे नाही, आणि तिथल्या सरकारी शाळेकडे लेखी मागणी केली तर अडचणीचं मूल्यमापन विनाशुल्क होऊ शकतं, ही वाट आधी धरा म्हणते. मराठीत बोलायला हवं असेल तर आजी-आजोबांना समजावून सांगायला मी आहे.

रात्री आठ

नंदुरबारचे आईवडील. वडील एसटीत वाहक आहेत, ड्युटी संपवून गणवेशातच बसलेत. मी निदान आधी सांगते, कारण ते ऐकेपर्यंत दुसरं काही कानात शिरत नाही. मग कशावरून सांगते ते: बाईंचं म्हणणं, त्यांचं स्वतःचं म्हणणं, वह्या, अंगणवाडीतल्या ताईंनी सांगितलेलं. तुमच्या लाडानं झालेलं नाही, मोबाईलनं झालेलं नाही. आईचे डोळे भरतात. वडील शनिवारच्या गाडीची वेळ मनात जुळवत असतात. गोळी आयुष्यभर का, भूक कमी होते असं ऐकलंय, शाळेत सांगायचं का. शेवटच्या प्रश्नावर नवरा-बायकोत जुंपते. तो म्हणतो नको, ती म्हणते बाईंनीच तर आपल्याला इथे पाठवलं. मी मध्ये पडत नाही. “मी सोमवारी जाते,” ती म्हणते, आणि तो मान हलवतो.

मुलगा दारामागे आहे, हे मघापासून कळतंय. मी त्याला बोलावते. त्यानंही आपलं ऐकलं पाहिजे, त्याच्याविषयीच तर चाललंय. त्याला सांगते की त्याचं डोकं चांगलं चालतं, पण एका गोष्टीवर थांबायला त्याला इतरांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, आणि आता मोठी माणसं त्यात मदत करणार आहेत.

“बाईंना काय लिहिलंय?” तो विचारतो.

“पुढच्या बाकावर बसवा, एक एक काम द्या.”

“हजेरीपट ऑफिसात न्यायचं लिहिलंय का? मीच नेतो तो.”

“लिहिलंय.”

“वाचा.”

मी वाचते: “दर दोन तासिकांनंतर हजेरीपट किंवा निरोप घेऊन त्याला कार्यालयात पाठवावे.”

“रोज?”

“रोज.”

आईला ते पान आत्ताच हवंय. सोमवारी शाळेत जायच्या आधी तिला झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती काढायच्या आहेत, एक बाईंना आणि एक मुख्याध्यापकांना.